आपण कुठल्या टोकाला मारतोय?

३ मार्च, सोमवार

कोच लाचीने आज सगळ्यांना एकेक डायरी वाटली. झोप किती झाली, पाणी किती प्यायलं, कुठे दुखतंय, ते रोज लिहायचं. पोरांनी तिथल्या तिथे नाकं मुरडली. दोघांनी तर डायऱ्या दार अडवायला वापरल्या. मी घरी आणली. माझी बायको टेस म्हणाली, "तू आणि डायरी? किराण्याची चिठ्ठी लिहायला लावली तर तुझा हात दुखतो." म्हणून मुद्दाम लिहितोय.

झोप : सहा तास. पाणी : आठवत नाही. दुखतंय : तेहेतीस वर्षांच्या माणसाचं जे जे दुखायचं ते सगळं.

दिवसा मी लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवतो आणि शनिवारी बेल्स क्रीक क्लबच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉल संघात फुल-बॅक खेळतो. म्हणजे समोरच्यांचा सर्वांत उंच, सर्वांत माजलेला गडी आपल्या खांबांपाशी येतो, त्याला उंच चेंडू झेलू द्यायचा नाही. हातांनी, खांद्याने, वेळ पडली तर डोक्याने. आजवर एकशे त्र्याऐंशी सामने झालेत. दोनशे झाले की आमच्या क्लबात लॉकरच्या दारावर सोनेरी रंगात नाव लिहितात. माझ्या लॉकरवर पप्पांचं नाव आहे, सी. ग्रेक. त्याखाली एका नावापुरती जागा आहे, आणि तेरा वर्षं मी बूट काढताना ती जागा बघतोय.

या मोसमात सामने अठरा. लाचीने स्पष्टच सांगितलंय, पुढच्या वर्षी मला घेणार नाहीत. एक सामना चुकला तर चालेल, दोन चुकले तर जागा रिकामी ती रिकामीच.

६ मार्च, गुरुवार

डोक्याची परीक्षा झाली. दरवर्षी मोसमाच्या आधी डॉ. ह्युइट लॅपटॉप घेऊन येतात. स्क्रीनवर खेळायचा पत्ता उलटला की बटण दाबायचं, महिने उलटे म्हणायचे, पाच शब्द ऐकून पाच मिनिटांनी परत सांगायचे. मोसमात कुणाच्या डोक्याला मार लागला तर हीच परीक्षा पुन्हा घेतात. मार्चपेक्षा कमी गुण पडले की घरी बसा.

आता या परीक्षेत जीव तोडून गुण मिळवणारा माणूस आमच्या क्लबात जन्माला यायचाय. मी नवखा होतो तेव्हाच म्हाताऱ्या स्पडने कानमंत्र दिला होता, "मार्चमध्ये जितका मठ्ठ, तितका ऑगस्टपर्यंत सुखी." आता तो मंत्र मी नव्या पोरांना देतो. पत्ता उलटला की मनात एक-दोन म्हणायचं, मग बटण दाबायचं. डिसेंबर, नोव्हेंबर, मग जरा छताकडे बघायचं.

डॉक्टर म्हणाल्या, "जोएल, पाचातले दोनच शब्द?"

"फरशीवाला आहे डॉक्टर. डोक्याची कामं आमच्याकडे बाहेर देतात."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं.

शब्द होते चमचा, माकड, शिडी, लिंबू, ढग. घरी येऊन टेसला घडाघडा म्हणून दाखवले. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग तिथे का नाही म्हटलेस?" सगळी युक्ती समजावून सांगितली. तिने भाजी चिरणं काही थांबवलं नाही, पण सुरीचा आवाज वाढला.

६ एप्रिल, रविवार

काल पहिला सामना. हरलो, पण मी अडवत होतो त्या गड्याने एकच गोल मारला. आज पप्पांकडे जेवण. ते आमच्या मागच्याच गल्लीत एकटे राहतात. आई गेल्यापासून जरा विसरायला लागलेत. गॅस चालू राहतो, माझ्या मुलीला, ऑर्लाला, माझ्या बहिणीच्या नावाने हाक मारतात. टेस म्हणते डॉक्टरला दाखवू या. मी म्हणतो, चाळीस वर्षांची सोबत तुटली की माणूस हरवतोच थोडा. शिवाय रविवारी वाइन जास्त होते.

त्यांना माल्टाहून आणलेलं पाच वर्षांचं पोर म्हणून कुणी खेळायला घेत नव्हतं, त्यापासून त्यांची गोष्ट सुरू होते. आज त्यांनी मला चीज भरलेल्या माल्टीज पास्तिझीचा दुसरा तुकडा वाढता वाढता बॉबी ट्रेसीचा किस्सा सांगितला. बॉबी त्यांच्या वेळचा ट्रेनर, म्हणजे मैदानावर मलमपट्टी करणारा. कुणी डोकं आपटून पडला की बॉबी बादली घेऊन धावायचा, तोंडावर पाणी मारायचा आणि बोटं वर करून विचारायचा, "किती?"

"आणि बॉबी कायम दोनच बोटं वर करायचा," पप्पा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. "पूर्ण क्लबाला माहीत. आंधळा झाला असतास तरी दोन म्हणायचं! मी दोनशे एकोणीस सामने खेळलो, एकदाही चुकलो नाही."

मी इतका हसलो की पास्तिझीतलं चीज नाकात गेलं. हुशारी घराण्यातच आहे म्हणायची. ऑर्लाने विचारलं, "पण नन्नू, तुम्हाला लागलं नव्हतं?" सात वर्षांची आहे, आजोबांना नन्नू म्हणते, तिला हा खेळ अजून समजायचाय.

१० मे, शनिवार

जिंकलो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी चेंडूखाली मागे मागे जात होतो, तेवढ्यात त्यांच्या धिप्पाड पोराचा गुडघा माझ्या कानामागे बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. व्हॅल बाटली घेऊन आली. व्हॅल आमची ट्रेनर. सत्तरीची आहे, घोटे बांधण्यात तिचा हात धरणारा कुणी नाही.

"ठीक आहेस?"

"झकास."

"कुणाशी खेळतोय आपण?"

मी त्यांच्या जर्सीवर वाचून सांगितलं. ती गेली. पुढचं सगळं नीट खेळलो असं म्हणतात.

घरी येताना गाडी टेसने चालवली. डोकं ठणकतंय. हा उजेड एवढा का लावतात घरात?

१४ मे, बुधवार

लॉकियरबाईंच्या न्हाणीघरात काळ्या-पांढऱ्या फरश्या, एकाआड एक. दुपारी बाई चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. म्हणे, इथे दोन पांढऱ्या शेजारी आल्यात आणि तिथे तीन काळ्या. दुकानवाल्याने डबे उलटसुलट भरून पाठवले असणार. सगळं उखडून पुन्हा बसवलं. पंधरा वर्षांत मला असा माल आला नव्हता.

टेसला सांगितलं. ती म्हणाली, "डब्यात कशाही भरलेल्या असू देत, लावतोस तर तूच ना?" तिला आमच्या धंद्यातलं काय कळणार.

१२ जून, गुरुवार

माझं नाव यादीत नाही.

लाचीने मला सरावानंतर बाजूला घेतलं. "ग्रेकी, तू अर्धं पाऊल उशिरा पोचतोयस. चेंडू कुठे पडणार ते तुला पूर्वी आधी कळायचं. एक आठवडा विश्रांती घे."

"विश्रांती नको मला."

"ती विनंती नव्हती."

म्हणजे जो एक सामना चुकला तर चालणार होता तो चुकला. आता उरलेला प्रत्येक सामना. जेवण गेलं नाही. जरा थंडी वाजली तरी वाटतं, ताप तर नाही? जिना उतरताना कठडा धरतो. टेसने आज विचारलं, "दोनशे झाल्यावर काय होणार आहे, जोएल?" मी म्हटलं, नाव लागेल. ती म्हणाली, "आणि नाही झाले तर?" त्यावर मी चिडलो. हल्ली पटकन चिडतो. दोनशे झाले की जाईल.

अर्धं पाऊल उशिरा म्हणे. माझं डोकं तर लख्ख आहे. मार्चमधले शब्द अजून तोंडपाठ आहेत : चमचा, माकड, शिडी, लिंबू, टोपी.

१० जुलै, गुरुवार

ऑर्ला पोहण्याच्या तलावाबाहेर थंडीत पाऊण तास बसली होती, ओल्या केसांनी. तिला आणायचं मला कुणी सांगितलंच नव्हतं. टेसवर खूप ओरडलो. निरोप द्यायचा तर धड द्यावा. टेसने फ्रिजकडे बोट दाखवलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "गुरुवार, ४ वाजता, ऑर्ला."

कधी लिहून घेतलं तिने माझ्याकडून कोण जाणे.

ऑर्लाची माफी मागितली. ती म्हणाली, "काही नाही पप्पा. नन्नू पण विसरतात."

२ ऑगस्ट, शनिवार

एकशे सत्त्याण्णव. खांदा, गुडघा, सगळं शाबूत. शेवटच्या क्वार्टरमध्ये पाऊस. घरी येऊन पप्पांना फोन केला, कसा खेळलो विचारायला. ते म्हणाले, "मी तर तिथेच होतो रे. तूच मला घरी सोडलंस."

हो, खरंच की. दमलोय.

१६ ऑगस्ट, शनिवार

एकशे नव्व्याण्णव झाले. हे टेसने सांगितलं म्हणून लिहितोय.

मला आठवतंय ते एवढंच की मी चेंडूवर डोळा ठेवून हवेत होतो. नंतर एकदम कपडे बदलायच्या खोलीतलं बाक आणि तोंडात रबराची चव. मधलं पोरं सांगतात. मी त्यांच्या एका गड्यावर डोक्याने आपटलो, पडलो, लगेच उठलो. मोकळा चेंडू उचलला, सुसाट पळालो आणि चाळीस पावलांवरून मस्तपैकी गोल मारला. त्यांच्यासाठी. चुकीच्या टोकाला. तेरा वर्षांत एकही गोल नव्हता, तो असा झाला. मैदान खो खो हसत होतं. पप्पा गर्दीत उभे राहून टाळ्या वाजवत होते म्हणे.

हसत नव्हती ती फक्त व्हॅल. माझ्या कोपराला धरून तिने मला बाहेर नेलं. वाटेत मी तिला तीनदा विचारलं म्हणे, "आपण कुठल्या टोकाला मारतोय?" हा तर पप्पांचा प्रश्न. दर शनिवारी चारही क्वार्टरला शेजारच्यांना हाच विचारतात आणि सगळे हसून सांगतात.

आता गुरुवारी परीक्षा. पास झालो तर शनिवारी शेवटचा सामना, घरच्या मैदानावर, दोनशेवा. नापास झालो तर संपलं.

पण मी नापास कसा होईन? मार्चमधली सोय कशासाठी केली होती?

१८ ऑगस्ट, सोमवार

क्लबच्या हॉलमध्ये माझा पडदा बनतोय. टेबलं सरकवून जमिनीवर रंगीत क्रेप कागदाचे पट्टे पसरलेत, आणि गुडघ्यांवर बसून बायकापोरं ते चिकटवतायत. दोन खांबांच्या मध्ये तो ताणून धरतात आणि ज्याचा मान असतो तो सगळ्यांच्या पुढे त्यातून फाडत मैदानात घुसतो. ऑर्ला माझा हात धरून पळणार आहे. त्यासाठी ती अंगणात कपड्यांच्या दोरीवर चादर टाकून सराव करते.

पडद्यावर लिहिलंय :

गोल मारले शून्य, सामने झाले दोनशे
ग्रेकीला चुकवून जाईल असा कोण असे?

"शून्य खोडायला लागेल आता," व्हॅल म्हणाली. "एक मारलास की. कुणासाठी, ते लिहायला जागा नाही."

सगळे हसले, मीही. ज्याचं नाव लिहिलं त्याचा पडदा घडी घालून ठेवायचा नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. कागद त्याच दिवशी फाटला पाहिजे. नाहीतर पुढचं वर्ष वाईट जातं म्हणतात. ते ऐकून मला घाम फुटला. हॉलमध्ये हीटर सुरू होता म्हणूनही असेल.

२१ ऑगस्ट, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

आज मी ठरवलं होतं की सगळं नीट करायचं. मुद्दाम काही चुकवायचं नाही, म्हणजे मार्चपेक्षा गुण भरपूर जास्त पडतील आणि कुणाला शंकाच राहणार नाही. दुपारभर झोपलो. कॉफी प्यायलो नाही.

पत्ता उलटला की बटण. मी लगेच दाबत होतो. मला तरी लगेच वाटत होतं.

महिने. डिसेंबर, नोव्हेंबर. मग छताकडे बघितलं. या खेपेला नजर आपोआप गेली.

पाच शब्द. डॉक्टरांनी वाचले तेव्हा मी मनात पाचही घोकले. पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं. घोडा. पेन्सिल. आणि मग काही नाही. मी टेबलाची कड घट्ट धरली. बाहेर पोरं चेंडू मारत होती, त्याचा आवाज येत होता. घोडा, पेन्सिल. डॉक्टर थांबल्या. मी म्हटलं, "एवढेच."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. दोन रेघा होत्या, एक मार्चची, एक आजची. एकीवर एक बसली होती.

"अगदी मार्चइतकेच," त्या म्हणाल्या. "मला काळजी होती, पण काही फरक नाही. खेळ शनिवारी. अभिनंदन."

बाहेर पोरांनी मला खांद्यावर घेतलं. लाचीने पाठीत धपाटा घातला. मी हसत होतो. मग गाडीत जाऊन बसलो आणि गाडी चालू न करता घोडा, पेन्सिल, घोडा, पेन्सिल म्हणत राहिलो.

घरी टेसने विचारलं, "काय झालं?"

"पास," मी म्हटलं.

ती खुर्चीवर बसली. तिला आनंद झालाय की काय ते कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मार्चमध्ये मी सोंग केलं होतं. आज केलं नव्हतं. हे फक्त मला माहीत आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

कामावर गेलो नाही. पप्पांकडे गेलो. त्यांनी कोट काढून ठेवला होता, उद्यासाठी. त्याच्या खिशाला क्लबचा जुना बिल्ला. बूटही पुसलेले. कुणाचा सामना आहे ते त्यांनी मला दोनदा विचारलं.

मग बॉबीचा किस्सा सुरू झाला. बादली, पाणी, दोन बोटं. मी एरवी ज्या ठिकाणी हसतो तिथे ते माझ्याकडे बघत थांबले. मला हसू आलं नाही.

"पप्पा," मी विचारलं, "आणि खरी किती दिसायची?"

"काय किती?"

"बोटं. बॉबीने वर केल्यावर तुम्हाला खरंच किती दिसायची?"

ते आठवायला लागले. खिडकीकडे बघितलं, हातांकडे बघितलं. मला वाटलं प्रश्नच विसरले. मग म्हणाले, "ते कुणी विचारलंच नाही रे कधी."

आणि मला विचारलं, चहा झाला का. आमच्या दोघांपुढे कप होते.

त्यांच्या विसरण्याचं कारण म्हणून इतके दिवस मी आईचं नाव सांगत आलो. वाइनचं नाव सांगत आलो. मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून रडलो आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बरोबर तिथेच, कानामागे.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी उठलो तेव्हाही मी खेळणारच होतो. हे खोटं लिहून उपयोग नाही. एक सामना. दोन तास. पप्पा दोनशे एकोणीस खेळले, माझे दोनशे झाले तर काय आभाळ कोसळणार आहे? क्लबात पोचेपर्यंत मी हेच घोकत होतो. बूट काढले, लॉकर उघडला, घोटा व्हॅलच्या मांडीवर ठेवला.

तिने पट्टी बांधायला घेतली. मान खाली घालून, गुणगुणत, तेरा वर्षं बांधते तशी. अर्धी झाली तेव्हा मी म्हटलं, "व्हॅल, मला काहीतरी विचार ना."

"काय विचारू?"

"ट्रेनरने विचारायचं असतं ते."

तिने वर बघितलं. तिने बोटं वर केली नाहीत. नुसतं म्हणाली, "कसा आहेस, जोएल?" मला क्लबात सगळे ग्रेकी म्हणतात. जोएल म्हणून तिने पहिल्यांदाच हाक मारली.

मी म्हटलं, "मार्चमध्ये मी मुद्दाम चुकलो होतो. गुरुवारी नाही."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने कात्री घेतली आणि पट्टी वरपासून खालपर्यंत कापून काढली. तिची हनुवटी हलत होती.

लाची भडकला. "आज? आज सांगतोस? तासाभराने सामना आहे!" मग माझा चेहरा बघून खाली बसला आणि डॉक्टरांना फोन लावला. लॉकरपाशी कपडे बदलणारी दोन नवी पोरं, ज्यांना मी मंत्र दिला होता, बुटांचे बंद बांधायची थांबली होती. त्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही. सोमवारी डोक्याच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचंय. टेसने वेळ घेतली. तिला सांगितलं तेव्हा तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "गुरुवारपासून मी तुझ्या तोंडून हे ऐकायची वाट बघतेय." म्हणजे तिला कळलं होतं. मला वाटत होतं की फक्त मलाच माहीत आहे.

जागा रिकामी राहिली. जाता जाता बघितली. वाईट वाटलं, खूप वाटलं, ते लपवून काय करू.

पडद्याचं काय, हा प्रश्न उरला. दोन खांबांच्या मध्ये तो उभा होता, वाऱ्याने फुगत होता, माझं नाव घेऊन. घडी घालता येत नाही. दोनशे न खेळलेला तो फाडू शकत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. ऑर्ला हात पुढे करून उभी होती, आठवडाभर चादरीवर सराव केलेली. मी पप्पांना पुढे आणलं.

"पप्पा, नाव ग्रेकच लिहिलंय."

त्यांनी वाचलं. कोटाची बटणं लावली. मग ऑर्लाचा हात धरला आणि पळाले. पळाले म्हणजे काय, सदुसष्ट वर्षांचं गुडघ्याने अधू माणूस जेवढं पळेल तेवढं. पण पडद्यापाशी त्यांनी खांदा असा काही खाली टाकला की मी लहानपणी कुंपणावर बसून बघायचो तेच पप्पा. कागद मधोमध फाटला. लोक उभे राहिले. त्यांच्यामागून पोरं धावत मैदानात घुसली.

ती दोघं कुंपणापाशी माझ्याजवळ आली. पप्पांच्या डोक्यावर लाल कागदाचा तुकडा होता, तो मी काढला. ते धापा टाकत होते आणि त्यांचे डोळे चमकत होते. भोंगा झाला, चेंडू वर उडाला.

"जोएल," त्यांनी विचारलं, "आपण कुठल्या टोकाला मारतोय?"

मी सांगायला तोंड उघडलं. दोन्ही टोकांना चार-चार पांढरे खांब. आमची पोरं इकडून तिकडे पळत होती आणि तिकडून इकडे. मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पप्पा वाट बघत होते.

ऑर्लाने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग हात लांब करून दाखवलं.

"त्या बाजूला, नन्नू."

आम्ही दोघांनी तिकडे बघितलं.